मागच्या खोलीचं भाडं

सँकी तलावाच्या काठाने संध्याकाळी फिरणाऱ्या, माझ्या वयाच्या मंडळींचा एक ठरलेला विषय आहे: पूर्वीचं बेंगळूरु. पूर्वी घरात पंखा नसायचा. पूर्वी एप्रिलमध्येही पहाटे चादर ओढून घ्यावी लागायची. पूर्वी मल्लेश्वरमहून एम. जी. रोडला सायकलने गप्पा मारत जाता यायचं. इथवर सगळं खरं आहे. मग तलावाची दुसरी फेरी सुरू होते आणि 'हे बाहेरचे लोक' येतात. कोणी हिंदी बोलणाऱ्यांवर घसरतो, कोणी आयटीवाल्यांवर. तिथे माझी पंचाईत होते. मंडळी मला आपल्यातलाच धरून चालतात, कारण माझं कन्नड आता त्यांच्या नातवंडांपेक्षा बरं आहे. पण मी निपाणीचा. १९८० साली मिरजेकडून येणाऱ्या मीटरगेजच्या गाडीतून ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरलेला, चांगला अस्सल बाहेरचा माणूस.

१९७१ च्या जनगणनेत या शहराची वस्ती साधारण १६.५ लाख होती. १९८१ ला ती २९ लाखांवर गेली. दहा वर्षांत पाऊणपट वाढ. इतक्या झपाट्याने त्या दशकात देशातलं दुसरं मोठं शहर वाढलं नाही. आयटीचं तेव्हा नावही नव्हतं. ही वाढ कारखान्यांची होती, आणि त्या वाढलेल्या आकड्यात मी होतो.

कारखान्यांचं ते वैभव आजच्या मुलांना सांगून पटत नाही. एचएएल, टेलिफोनवाली आयटीआय, एचएमटी, बीईएल. यातल्या पहिल्याचा, म्हणजे हिंदुस्तान एअरक्राफ्टचा, नारळ १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन फोडला. मला नोकरी लागली जालहळ्ळीला, एचएमटीच्या घड्याळ कारखान्यात. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने तिथे १९६१ पासून घड्याळं बनत होती. डोळ्याला भिंग लावायचं, श्वास आवरायचा आणि चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवायची. शिंक आली तर स्प्रिंग गेली; मग सगळी लाइन गुडघ्यांवर. निपाणीत तंबाखूच्या वखारीत वाढलेल्या माझ्या हाताला ही नजाकत कशी आली, हे आमच्या वडिलांना शेवटपर्यंत कोडं होतं.

नोकरी मिळाली, खोली मिळेना. मल्लेश्वरम, राजाजीनगर, यशवंतपूर, सगळीकडे 'टु लेट'च्या पाट्या होत्या, कारण घरांना मागच्या अंगाला खोल्या होत्या आणि त्या रिकाम्या होत्या. पण दारात तीन प्रश्न असायचे: लग्न झालंय का, खाता काय, कुठल्या लोकांपैकी. तिन्हींत मी नापास. पूर्वीचं बेंगळूरु फार मोकळ्या मनाचं होतं असं तलावाच्या काठावर म्हणतात, तेव्हा मला ती बंद झालेली दारं आठवतात. मोकळं मन होतं, पण ते सर्वांसाठी उघडं नव्हतं.

एका दारात मात्र प्रश्न वेगळा आला. संपिगे रोडच्या एका आडव्या क्रॉसवरचं घर. मंगलोरी कौलं, खिडक्यांवर टोकदार लाकडी जाळीच्या झालरी, त्यांना इथे 'मंकी टॉप' म्हणतात, आणि आत लाल ऑक्साइडची जमीन, पायाला कायम थंड. दारात नऊवारीसारखी काष्ट्याची साडी नेसलेल्या, कपाळ मोकळं असलेल्या एक बाई. त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "रात्री किती वाजता येता?" मी म्हणालो, सेकंड शिफ्ट असली की साडेअकरा. त्या म्हणाल्या, "मग फाटकाची कडी आवाज न करता काढायची. खोलीत मांस शिजवायचं नाही. बाहेर काय खाता ते मला सांगू नका." भाडं ९० रुपये. अॅडव्हान्स एका महिन्याचा. मी दोन महिन्यांचे देऊ केले तर म्हणाल्या, "पळून जाणार असाल तर दोन द्या."

त्यांना सगळी गल्ली अज्जी म्हणायची, मीही म्हणू लागलो.

ती खोली रिकामी का होती, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. ती त्यांच्या मुलाची अभ्यासाची खोली. मुलगा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकला (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला जुनी माणसं अजूनही तसंच म्हणतात) आणि तिथून अमेरिकेला गेला तो गेलाच. टेबलाच्या खणात त्याचा स्लाइड रूल तसाच होता. त्या गल्लीत दर तिसऱ्या घराची हीच गत होती. मल्लेश्वरम आपली हुशार मुलं बाहेर पाठवत होतं आणि त्यांच्या रिकाम्या खोल्यांत आम्ही येऊन राहत होतो. शहराचा तो ऐसपैसपणा, ज्याची आता सगळे आठवण काढतात, तो कोणाच्या तरी जाण्यातून तयार झालेला होता. हे मी अज्जींना कधी बोलून दाखवलं नाही. त्यांना ते माझ्याआधी माहीत असणार.

सकाळची कॉफी हा आमच्यातला पहिला व्यवहार. पितळी फिल्टर रात्रीच भरून ठेवलेला असे. सकाळी वरच्या भांड्यावर टिचकी मारायची, थेंब थांबला की डिकॉक्शन तयार. त्या ते काळंभोर डिकॉक्शन तळाशी घालत, वरून दूध उकळत्या फेसासकट, आणि मग लोट्यातून डबऱ्यात, डबऱ्यातून लोट्यात, हातभर उंचीवरून. एक थेंब बाहेर नाही. त्यांना एक अख्खी कॉफी सोसत नसे, म्हणून 'बाय-टू'. हॉटेलात दोघांनी एक कॉफी सांगून दोन पेल्यांत अर्धी अर्धी घ्यायची ही बेंगळूरुची जुनी रीत. वेटरही कपाळाला आठी न घालता आणतो. अज्जींच्या घरी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चालायची. त्या आत, मी बाहेर. उंबरा मी कधी ओलांडला नाही, त्यांनी कधी बोलावलंही नाही. पण अर्धी कॉफी चुकली असा दिवस आठवत नाही.

दुसरा व्यवहार भाषेचा. संध्याकाळी 'प्रजावाणी' हे कन्नड वर्तमानपत्र हातात द्यायच्या आणि मथळे मोठ्याने वाचायला लावायच्या. त्यांची नजर अधू झाली होती, हे कारण. खरं कारण मी तीन वर्षांनी ओळखलं: चष्मा घालून त्या गल्लीच्या टोकाला कोण चाललंय ते बिनचूक सांगत. निपाणीत कन्नडशी आमचं नातं कसं होतं, ते सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाटी कुठल्या लिपीत यावरून डोकी फुटलेली पाहून मी आलो होतो. त्यात १९८२ साली गोकाक चळवळ पेटली. कन्नड सिनेमातले डॉ. राजकुमार स्वतः रस्त्यावर उतरले होते, शाळेत पहिली भाषा कन्नडच हवी म्हणून गावोगाव सभा चालल्या होत्या. त्या दिवसांत कारखान्याच्या बसमध्ये मी तोंड उघडत नसे. अज्जी त्याच मथळ्यांवर माझे उच्चार सुधारत बसायच्या. 'ळ' ला मला शाबासकी मिळायची. तो आपल्याकडे तयारच असतो. ऱ्हस्व 'ए' मात्र आजही पक्का नाही. राजकारणावर त्या एकदाच बोलल्या: "इथे राहायचं तर भाषा यायला हवी. भाषा शिकवली नाही तर कशी येईल?" आंदोलनातल्या कोणाच्याही भाषणात यातला दुसरा भाग मी ऐकला नाही. आज दोन्ही बाजूंनी भांडणारे लोक पाहतो तेव्हाही तो ऐकू येत नाही.

त्या गल्ल्यांत तेव्हा काय काय शेजारी नांदत होतं! आठव्या मेनवर कॅनरा युनियनचा हॉल. तिथे लग्नं लागायची आणि लग्न नसेल तेव्हा बॅडमिंटन चालायचं. प्रकाश पदुकोण त्याच कार्यालयात खेळून मोठा झाला. मी आलो त्याच वर्षी, १९८० ला, त्याने ऑल इंग्लंड जिंकली. अज्जी सांगत, हा मुलगा लग्नाची तिथी पाहून सराव करायचा. त्याच्या सरावाला स्टेडियम नव्हतं, पण एका मुलाला रोज पुरेल एवढी जागा आणि वेळ होता. आज स्टेडियमं आहेत.

एका कार्तिकात अज्जी मला काडु मल्लेश्वराच्या देवळात घेऊन गेल्या आणि तिथला शिलालेख दाखवून म्हणाल्या, "हे तुमच्या लोकांचं." १६६९ चा लेख. एकोजींनी, म्हणजे शहाजीराजांच्या व्यंकोजींनी, मल्लपुरच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा. बेंगळूरु १६३८ पासून शहाजीराजांची जहागीर होती आणि बाल शिवाजी काही काळ इथे राहून गेला, हे मी शाळेत शिकलो होतो; पण ज्या गल्लीत ९० रुपये भाडं भरतो तिथल्या देवाला आमच्याकडच्या माणसाने गाव दिलंय, हे कळल्यावर छाती जरा फुगली. अज्जींनी ती लगेच खाली बसवली. पुढे व्यंकोजींनी हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवरायांना तीन लाखांना विकायला काढलं, आणि १६८७ मध्ये मधल्यामध्ये मोगलांच्या कासिमखानाने ते घेऊन त्याच किमतीला सौदा पुरा केला, अशी कथा आहे. "म्हणजे इथला पहिला ब्रोकर तुमचाच," अज्जी म्हणाल्या. त्यांचे यजमान म्हैसूर सरकारच्या नोकरीत होते. म्हैसूरची बाजू त्या सोडत नसत.

आणि ते मल्लेश्वरम तरी कुठलं पुरातन? मुळात मल्लपुर हे खेडं. १८९८ च्या प्लेगात जुन्या पेठांतली दाटी माणसांना भोवली, म्हणून शहराबाहेर मोकळ्या हवेची उपनगरं आखून वसवली गेली, मल्लेश्वरम आणि बसवनगुडी. सरळ मेन, आडवे क्रॉस, दारात झाड. अज्जींचे सासरे त्या लाटेतले. पेठेतून इथे आले तेव्हा मल्लपुरच्या कुणब्यांनी त्यांना काय म्हटलं असेल, याची नोंद कुठे नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ साली इथे आली. १९८५ ला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली. आमच्या कारखान्यातली हुशार पोरं भिंग ठेवून संगणकाच्या क्लासला जाऊ लागली. क्वार्ट्झच्या स्वस्त घड्याळांनी आमचं किल्लीचं घड्याळ मागे टाकलं आणि २०१६ ला घड्याळाचा कारखाना कायमचा बंद झाला. २००८ ला विमानतळ देवनहळ्ळीला गेला आणि उत्तरेकडच्या माळाला सोन्याचा भाव आला. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत ८४ लाख माणसं मोजली गेली. त्यानंतरची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही.

लग्न झाल्यावर मी अज्जींची खोली सोडली. शेवटपर्यंत भाडं १२० च्या वर गेलं नव्हतं, बाजारात तेव्हा तीनशे चालू होते. फरकाचे पैसे द्यायचं मनात होतं. ते कसं बोलावं हे सुचेपर्यंत त्यांनी माझ्या बायकोच्या ओटीत पितळी फिल्टर घातला आणि विषय संपवला.

त्या १९९६ मध्ये गेल्या. मुलगा पंधरा दिवसांसाठी आला. घर साठ बाय ऐंशीच्या साइटवर होतं. तीन वारस, एक जमीन, आणि कौलांच्या घराचे तीन तुकडे होत नाहीत. मग जे होतं तेच झालं: बिल्डरशी करार, जमीन तुमची, बांधकाम त्याचं, फ्लॅट अर्धे अर्धे. मला राग यायला हवा होता, पण मुलाची बाजू मला दिसत होती. तो मला म्हणाला, "तू या घरात माझ्यापेक्षा जास्त राहिलास." त्यात कुरकुर नव्हती. मागच्या अंगणात सोनचाफ्याखाली विहीर होती. ती बुजवून तिच्यावर पाण्याचा संप, म्हणजे जमिनीखालचा हौद, बांधला. आडाच्या जागी टाकी! दुसऱ्याच वर्षी, १९९७ ला, काडु मल्लेश्वराच्या समोर एका जागेवर बांधकामासाठी खणताना मातीत गडप झालेलं अख्खं देऊळ निघालं, नंदीच्या तोंडातून शिवलिंगावर पाणी पडतंय आणि पुढे पायऱ्यांची पुष्करणी. लोक रांगा लावून बघायला गेले. मीही गेलो. त्याच आठवड्यात चार गल्ल्या पलीकडे आणखी एक विहीर बुजत होती, तिथे रांग नव्हती.

तलावावरच्या मंडळींशी माझं खरं भांडण इथे आहे. धर्मांबुधी तलावाचा मॅजेस्टिकचा बसस्टँड झाला, संपंगी तलावाचं कंठीरवा स्टेडियम झालं, कोरमंगलाच्या तलावाच्या पोटात १९९७ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी खेळाडूंचं गाव उठलं. या फायलींवर सह्या करणारे कोणी बिहारहून आलेले नव्हते. इथलेच अधिकारी, इथलेच पुढारी, आणि स्टेडियमच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवणारे आम्हीच.

माझं घर उत्तर बेंगळूरुमध्ये आहे, नोकरदारांच्या एका सोसायटीच्या लेआउटमध्ये. जागा घेतली तेव्हा तिथे नाचणी होती. रागी म्हणा. शेत ज्यांचं होतं ते गौडरु पाया खणताना येऊन बसत आणि कुठे खडक लागेल, कुठे पाणी साचतं, ते काठीने दाखवत. एकराला जे पैसे त्यांना मिळाले, तेवढ्यात आज त्या जागी एक मोटारही उभी करता येणार नाही. पुढची काही वर्षं ते आमच्याच गल्लीत गाय घेऊन येत आणि दारात धार काढून दूध देत. आता त्यांचा मुलगा टँकर चालवतो. राहिलेल्या अर्ध्या एकरात त्याची हजार फुटांखाली गेलेली बोरवेल आहे. २०२४ च्या मार्चमध्ये शहराच्या नळांना कोरड पडली, पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५००० रुपये दंड लागला, तेव्हा आमचा लेआउट त्याच्या टँकरवर तगला. त्याने भाव वाढवला. कॉलनीच्या ग्रुपवर त्याला 'माफिया' म्हणून झालं. मला त्या आठवड्यात जेवढं हसू आलं तेवढीच लाज वाटली: ज्याच्या वावरात आमची घरं उभी आहेत, त्याच्याकडून पाणी विकत घ्यायचं आणि वर त्यालाच लुटारू म्हणायचं.

आणि नळाला येतं ते पाणी तरी कुठलं? पूर्वी या शहराचं जवळच्या अर्कावती नदीवर भागायचं, हेसरघट्टा आणि तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयांवर. नदीच्या पाणलोटातच वस्ती चढली आणि नदी आटली. १९७४ पासून कावेरी. शंभरेक किलोमीटरवरून, सुमारे पाचशे मीटर चढ चढवून. ज्या उंचीमुळे इथे पंखा लागत नव्हता, त्याच उंचीवर आता प्रत्येक बादली वीज जाळून चढवायची. कावेरीकाठच्या मंड्याच्या शेतकऱ्याने त्या पाण्यावर हक्क सांगितला की आमच्याकडे लगेच शहर ठप्प झाल्याच्या बातम्या येतात.

माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर तीन मुलं राहतात. एक धुळ्याचा, एक कटकचा, एक कलबुर्गीचा. मान्यता टेक पार्कमध्ये कामाला आहेत, रात्री दोनला येतात, फाटकाची कडी वाजवतात. इथे अॅडव्हान्स दहा महिन्यांचा घ्यायची चाल आहे. मी दोन महिन्यांचा घेतला म्हणून माझा मुलगा माझ्याशी आठवडाभर नीट बोलला नाही. "बाबा, मार्केट रेट म्हणून काही असतो." असतो. एकेकाळी तीनशे होता.

गेल्या महिन्यात कॉलनीच्या सभेत ठराव आला: पाण्याची टंचाई, पार्किंग आणि 'संस्कृती' लक्षात घेऊन यापुढे लग्न न झालेल्यांना घर भाड्याने देऊ नये, जे आहेत त्यांना तीन महिन्यांत सोडायला सांगावं. मी विरोधात बोललो. सेक्रेटरी समजुतीने म्हणाले, "सर, तुम्ही जुने बेंगळूरुवाले, तुम्हाला तर हे पटायला हवं." ते स्वतः २००४ साली आलेत. ठराव मंजूर झाला, आणि परवा मला नोटीस आली, इंग्रजीत. उत्तर मी कन्नडमध्ये लिहायला घेतलंय. पहिल्या परिच्छेदात १९८० चं भाडं लिहिलं: ९० रुपये, अॅडव्हान्स एका महिन्याचा, भाडेकरू अविवाहित, मांसाहारी, परप्रांतीय म्हणावा असा. बायकोने वाचून दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि विचारलं, मुलांना मुदतीनंतरही ठेवणार असाल तर संपचा पंप आत्ताच बदलून घ्यायचा का. मी हो म्हटलंय. उद्या प्लंबर येतोय.